नांदुरेकरांनो, खताचं पाणी बाटलीतून कायले इकत घेता?

परवाची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक मावशी हातात बाटली घेऊन आल्या. "भाऊ, याच्यावर काय लिहेल हाये, वाचून सांग बरं."

मावशी चार घरची धुणीभांडी करतात. टिनाच्या दोन खोल्या. दारासमोर रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरची, वांगं, एक कढीपत्ता अन् तुळस. मिरचीवर चुरडामुरडा आला, पानं वाकडी झाली, म्हणून दुकानदारानं हे "औषध" दिलं. अर्धा लिटर. 280 रुपये.

बाटलीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, कंपोस्ट टी. आता टी म्हणजे चहा. पण हा चहा कशाचा? तर खताचा. कुजलेलं खत पाण्यात भिजवायचं, ढवळायचं, गाळायचं. झालं कंपोस्ट टी.

हे सांगितल्यावर मावशी जरा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उकिरड्याचं पाणीच झालं ना भाऊ हे?"

तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून ही लांब पोस्ट. चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. चुरडामुरडा येतो तो फुलकिडे, कोळी, पांढरी माशी अन् तिच्यासोबत येणाऱ्या विषाणूमुळे. खताच्या पाण्यानं वाकडी झालेली पानं सरळ होत नाहीत. म्हणजे मावशींना वस्तू महाग विकली हा अर्धाच गुन्हा. नसलेला गुण सांगून विकली, हा दुसरा अर्धा.

दुसरी गोष्ट. मी खताच्या पाण्याच्या विरोधात नाही. मी स्वतः वापरतो. खतातली विरघळणारी अन्नद्रव्यं आणि काही जिवाणू पाण्यात उतरतात, कुंडीतल्या मातीला ते मिळतात, झाड जरा टवटवीत दिसतं. एवढंच. रोगावर ते किती चालते याबद्दल शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. साधी वस्तू आहे, साधा उपयोग आहे. मग भाव पण साधाच पाहिजे ना?

हिशोब करू. बाटलीवाला म्हणेल, आमचं लिटरला 10 मिलीच टाकायचं असते. ठीक. अर्ध्या लिटरचं 50 लिटर झालं, म्हणजे लिटरला साडेपाच रुपयांच्या वर. आता माझा हिशोब. गांडूळखताचं 40 किलोचं पोतं मी शेतकऱ्याकडून 400 रुपयांना आणलं. किलोला 10 रुपये. एक किलो खतात 10 लिटर पाणी होते. लिटरला एक रुपया. अन् पोटलीत उरलेला चोथा पुन्हा कुंडीतच जाते, तो काही फेकायचा नाही. म्हणजे तो रुपयाही पुरता खर्च झाला नाही.

मग लोक बाटली का घेतात? लोक मूर्ख आहेत म्हणून नाही. त्यांना बादलीचा हिशोब कोणी सांगितलाच नाही म्हणून.

राजेहो, खत कसं करायचं हे साऱ्या देशाला आपल्या विदर्भानं शिकवलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका. विटांच्या भोकाभोकांच्या टाक्यात थोड्या शेणात भरपूर खत करायची नाडेप पद्धत त्यांची. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं जीवामृत आज दूरदूरच्या राज्यांत बनते. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन अन् बांधावरची मूठभर माती. एका एकराला पुरते.

पण पाहा, एका एकराला! आपल्याकडे सगळं एकराच्या भाषेत आहे. योजना एकराची, प्रशिक्षण एकराचं, अनुदान एकराचं. केंद्र सरकारच्या गाझियाबादच्या सेंद्रिय शेती केंद्रानं वेस्ट डिकंपोजरची बाटली काढली, किंमत ठेवली फक्त 20 रुपये, अन् एकदा केलं की त्यातलंच थोडं ठेवून पुढचं बनवता येते. उत्तम काम. पण कृती 200 लिटरच्या ड्रमची. ज्याच्याकडे पाच डबे अन् एक बादली आहे, त्याच्याशी कोणीच बोलत नाही. ती जागा मोकळी राहिली अन् तिथं बाटलीवाला घुसला.

म्हणून बादलीची भाषा घ्या. लिहून ठेवा.

एक किलो पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं खत जुन्या सुती कापडात बांधा. 10 लिटरच्या बादलीत सोडा. नळाचं पाणी असेल तर आदल्या रात्री उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाते. 24 तास सावलीत ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा काठीनं चांगलं ढवळा, हवा आत गेली पाहिजे. गाळा, तितकंच साधं पाणी मिसळा, त्याच दिवशी मुळाशी टाका. घाण वास आला तर सडलं समजा, कुंडीत टाकू नका.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आपल्याला नवीन नाही. बोअरचं पाणी खारं असेल तर त्यात हे करू नका, पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी तर बिलकुल नको, त्यात क्षार आणखी जास्त. अन् कोथिंबीर, पालक, मेथी अशा पानांवर हे फवारू नका. शेण अन् गुळाच्या पाण्यात पोट बिघडवणारे जंतूही वाढू शकतात. मुळाशी टाका, भाजी धुवून खा.

आता मागण्या. कारण नुसतं बाटलीवाल्याला शिव्या देऊन भागणार नाही.

एक, नगरपरिषदेला. 2016 च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की स्थानिक संस्थेनं घरगुती कंपोस्टिंगला उत्तेजन द्यावं, अन् आपल्या बागांमधलं रासायनिक खत दोन वर्षांत बंद करून कंपोस्ट वापरावं. राज्य सरकारनं नगरपालिकांच्या खतासाठी हरित महासिटी कंपोस्ट हा ब्रँडसुद्धा काढला. मग नांदुऱ्याच्या ओल्या कचऱ्याचं खत, चाळून अन् प्रयोगशाळेत तपासून, पाच किलोच्या पिशवीत रास्त भावात सामान्य माणसाला मिळालं पाहिजे. पिशवीवर तपासणीचा अहवाल छापा.

दोन, पाण्याचं एटीएम चालते तर खताच्या पाण्याचा ड्रम का नाही? दर रविवारी सकाळी एका ठरलेल्या जागी महिला बचत गटानं ताजं पाणी बनवावं. आपली बाटली आणा, लिटरला दोन रुपये द्या. गटाला दोन पैसे मिळतील, मावशींचे 280 वाचतील.

तीन, जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्राला अन् अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला विनंती. वर्षातून एक दिवस कुंडीवाल्यांसाठी ठेवा. शाळाशाळांत पोषण आहारासाठी परसबागा आहेत, तिथंच शिकवा. पोरं घरी जाऊन आईला शिकवतील.

चार, आपल्याला. हो, आपल्यालाच. ओल्या कचऱ्यात ब्लेड, सॅनिटरी पॅड, पन्नी टाकून वर "पालिकेचं खत खराब" म्हणायचा आपल्याला हक्क नाही. घरात दोन डबे ठेवता येत नसतील तर पहिली मागणी विसरा.

काही जण कमेंटमध्ये लिहितील, "गावात पाणी, रस्ते, नाल्यांचे प्रश्न अन् तुम्ही कुंड्या घेऊन बसले." भाऊ, कचरा हा नालीचाच प्रश्न आहे. जो ओला कचरा नाली तुंबवते तोच डब्यात कुजवला तर खत होते. अन् बाग म्हणजे बंगल्याची हिरवळ, हे डोक्यातून काढा. या गावात बाग म्हणजे रंगाच्या डब्यातली चार वांगी. त्या चार वांग्यांवर एका घराची एक वेळची भाजी निघते.

दुकानदार मंडळींनाही सांगतो, सगळे वाईट नाहीत. खत नियंत्रण आदेशात 2006 पासून जैविक अन् सेंद्रिय खतंही आली आहेत. चांगला माल असेल तर घटक, तारीख, उत्पादकाचा पत्ता छापलेला दाखवा अन् पक्कं बिल द्या. गिऱ्हाइकांनो, बिल मागा. मावशींकडे बिल नव्हतं, म्हणून आज त्या दुकानात जाऊन भांडताही येत नाही.

हायवेवर 105 फुटी मारुती उभा करणारं हे गाव आहे. आपल्याला 200 लिटरचा एक ड्रम उभा करणं जड आहे का?

मावशींच्या दारात काल पहिली बादली भिजवली. मिरचीची रोगट झाडं उपटून टाकली, नवीन रोपं लावली. पाणी काळपट चहासारखं उतरलं. मावशी म्हणाल्या, "दूध नसलेला चहा हाये, पण फुकटचा हाये."

ज्यांना बादली भिजवायची आहे पण खत नाही, त्यांनी कमेंटमध्ये फक्त "खत" लिहा. माझ्या पोत्यातलं किलोभर देतो, पहिल्या वीस जणांना. पैसे नको. पुढच्या वेळी तुमचं खत झालं की दुसऱ्या कोणाला किलोभर द्या.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कुठं चुकलो ते सांगा.

#नांदुरा #बादलीची_भाषा