पारवा कोण, कबूतर कोण?

आमच्या गावच्या जुन्या बारवेत पारवे राहायचे. अम्मी त्यांना कधी ‘कबूतर’ म्हणाली नाही. कबूतर म्हणजे शेजारच्या चाचांच्या माळवदावरचं, खुराड्यात निजणारं, पांढरंशुभ्र लक्का. दोन पाखरं, दोन शब्द. शहरात आलो आणि खिडकीवर, डक्टमध्ये, एसीच्या डब्यामागे बसणारं सगळंच ‘कबूतर’ झालं. एक शब्द हरवला आणि त्याबरोबर एक फरकही.

शास्त्राच्या दृष्टीने दोघांची जात एकच. हजारो वर्षांपूर्वी माणसाने कड्याकपारीतला पारवा पाळला, त्याचे नाना प्रकार केले. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजल कबूतरबाजीला ‘इश्कबाजी’ म्हणतो, इतका तो शौक होता. या पाळीव पाखरांतली जी सुटली, हरवली, सोडून दिली गेली, त्यांची संतती म्हणजे आपली शहरी कबुतरं.

मग ओळखायचं कसं? रानपारवा राखाडी-निळा, मानेवर हिरवी-जांभळी झाक, पंखांवर दोन ठळक काळे पट्टे. चोच सडपातळ, तिच्या मुळाशी असलेला पांढरा उंचवटा लहान. शहरी थव्यात ठिपकेदार, तपकिरी, काळी, पांढरी अशी सगळी सरमिसळ; चोच जाड, उंचवटा मोठा. इंग्रजी पुस्तकं पाठीच्या खालचा पांढरा भाग बघायला सांगतात. ती युरोपातली खूण आहे. आपल्याकडच्या पारव्याचा तो भाग बहुधा राखाडीच असतो.

पण एकट्या पाखराकडे बोट दाखवून ‘हा अस्सल’ म्हणता येत नाही. डार्विनने वेगवेगळ्या पाळीव जातींचा संकर केला, तेव्हा पुढच्या पिढ्यांत हुबेहूब रानपारव्यासारखं निळं, दोन पट्ट्यांचं पाखरू निघालं. म्हणून एक पाखरू नव्हे, सगळा थवा बघावा. तो कुठे राहतो, काय खातो ते बघावं. स्कॉटलंडच्या बेटांवरच्या पारव्यांचा जनुकीय अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. आउटर हेब्रिडीजमधल्या पारव्यांत पाळीव रक्त नगण्य निघालं, ऑर्कनीतल्या पारव्यांत मात्र बरंच.

‘मूळचा कोण, बाहेरचा कोण’ हा प्रश्न माझ्यासारख्याच्या कानाला टोचतो, हे कबूल. पण इथे फरक करायचा तो कुणाला हाकलण्यासाठी नाही, जबाबदारी कुणाची हे ठरवण्यासाठी. रानपारव्याला आपल्या दाण्याची गरज नाही. शहरी कबूतर आपण घडवलं, आपणच वाऱ्यावर सोडलं आणि आता पोत्याने धान्य ओतून त्याची संख्या वाढवतो आहोत.

2025 मध्ये दादरचा कबूतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा वाद ‘दया की क्रूरता’ असा रंगला. आपल्या घरांतही दाणे टाकणं सवाबाचं मानतात. मीही टाकायचो. मग आमच्या इमारतीतल्या एका खालांचा खोकला महिनोन्‌महिने थांबेना. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, “घराजवळ कबुतरं आहेत का?” विष्ठा आणि पिसांच्या धुळीने काहींची फुप्फुसं कायमची निकामी होतात. ज्या सदक्याने शेजाऱ्याचा श्वास कोंडतो, तो सदका कसला? मी दाणे बंद केले. कबुतरांना मारा, असं मी म्हणत नाही. दाणे थांबवा, वळचणी आणि डक्ट जाळीने बंद करा, संख्या आपोआप उतरेल.

नुकसान पारव्याचंही आहे. तो मरत नाही, विरघळतो. गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा बारवेत डोकावलो. वीसेक पाखरं होती. त्यांत तीन ठिपकेदार, एक पांढरं. चाचांचं खुराडं कधीच मोडलं आहे. शेजारी उभ्या पोराने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “कित्ती कबुतरं!”

मी म्हटलं, “बेटा, ते निळे आहेत ना, ते पारवे.”