नव्वद दिवसांचा दाखला

शेतीखालोखाल भारतात सर्वाधिक हातांना काम देणाऱ्या व्यवसायांत बांधकामाची गणना होते. तरी त्यातील गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाला सरकारी दप्तरात अभावानेच सापडतो.

१९९६ मध्ये संसदेने बांधकामखर्चावर किमान १ टक्का उपकर बसवून मजूरकल्याणाचा निधी उभारला. कल्पना उत्तमच. मात्र लाभासाठी नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला. रोज पहाटे नाक्यावर उभे राहून आज या, तर उद्या त्या मुकादमाकडे जाणाऱ्याने तो आणावा कोठून?

२०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला : जमा ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक, खर्च सुमारे ९,५०० कोटी. म्हणजे पैशाची वाण नव्हती. दोष मजुराच्या अज्ञानावर ढकलण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. उपकर जागच्या न हलणाऱ्या इमारतीवरून वसूल होतो, लाभ मात्र गावोगाव फिरणाऱ्या माणसाला द्यायचा असतो, आणि ही अडचण कायदा करणाऱ्यांना दिसायला हवी होती.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत केंद्राने राज्यांना याच निधीतून मजुरांच्या खात्यांत रक्कम भरण्यास सांगितले. ती नोंदणी झालेल्यांसाठी होती. नोंद नसलेले कित्येक तोवर महामार्गाने गावाकडे चालू लागले होते.