फळा न दिसणाऱ्या मुलासाठी

फळ्यावरील अक्षरे दिसत नसताही चष्म्याच्या लाजेने गप्प राहणारी मुले वर्गावर्गांत आढळतात. नेत्रगोल लांबट होत गेल्याने दूरचे धूसर दिसते. साधा चष्मा ते स्पष्ट दाखवितो, पण ही वाढ रोखीत नाही. वलयांच्या योगाने काही प्रकाश दृष्टिपटलाच्या अलीकडे एकवटून ती मंदावणारी कॉन्टॅक्ट लेन्स अमेरिकेत २०१९ साली ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी संमत झाली. शास्त्राची ही देणगी मोठी खरी. परंतु ती महाग आहे, आणि स्वच्छतेत हयगय झाल्यास डोळ्यास अपाय संभवतो. दररोज दोन तास उघड्यावर खेळल्याने हा दोष जडण्याचा संभव घटतो, त्यास मात्र मोल पडत नाही. पालकांनी शिकवणीतून आधी तेवढा वेळ काढावा. विद्यार्थिमित्रांनो, दिसत नसेल तर आजच सांगा.