नीमा पारखची अट

ब्रोकर लोकांना तीन प्रश्न पाठ असतात. ‘सर, फॅमिली का बॅचलर?’ ‘सर, ऑफिस कुठं?’ आणि तिसरा, जरा घसा खाकरून, ‘सर, पूर्ण नाव काय म्हणालात?’ पूर्ण नाव म्हणजे आडनाव. हे कळायला मुंबईत आठवडासुद्धा लागत नाही.

मी आणि ऑफिसमधला एक मित्र, आम्ही दोघं मिळून वन बीएचके शोधत होतो. एक सापडला. स्टेशनपासून चालत सात मिनिटं, हॉलला खिडकी, खिडकीबाहेर चक्क झाड. डिपॉझिट ठरलं, टोकनचे पैसे काढले आणि फोन आला. ‘सर, सोसायटीचा थोडा इश्यू आहे. तुमचं चालून जाईल हो, पण तुमच्या फ्रेंडचं...’ वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही. ही वाक्यं कोणीच पूर्ण करत नाही.

आणि खरं सांगू? दोन सेकंद माझ्या डोक्यात येऊन गेलं, की आपण एकट्यानं घ्यावा का? सात मिनिटं, यार! मग ‘नको’ म्हणालो. मित्राला सांगितलं, ‘भाडं जास्त सांगतोय.’ तो नुसता हसला.

त्याच वीकेंडला आजोळी, लोणारला गेलो होतो. संध्याकाळी सरोवराच्या काठावर मामासोबत बसून हे सगळं सांगत होतो. लोणार म्हणजे तुम्हाला उल्का, खारं पाणी आणि २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेल्या तळ्याचे व्हॉट्सॲपवर फिरलेले फोटो आठवत असतील. मामा म्हणाला, ‘बरं हाय भाऊ, आपल्या गावाले कोनी संस्थापक नाही. वरून दगड पडला, मंग लोकं आले. आता दगडाले काय शिव्या देतं?’ पुराणात विचाराल तर लवणासुराला मारणारा विष्णू आहे, गावात त्याचं दैत्यसूदन मंदिरही आहे. पण कोणी कुठं राहायचं याचा नकाशा ना उल्केनं काढला, ना विष्णूनं. तरी गावकूस आणि गावकुसाबाहेर हा हिशेब महाराष्ट्रातल्या गावागावांत बसलाच. कोणी बसवला, ते विचारायला कोणाचा पुतळा नाही. असा बिननावाचा हिशेब फार चिवट असतो.

मुंबईचं मात्र तसं नाही. मुंबईला संस्थापक आहे. म्हणजे पुस्तकातला, कोळी आणि भंडारी त्याच्या कितीतरी आधीपासून इथं होतेच. जेराल्ड ऑन्जियर. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजानं हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिलं (आज तेवढ्यात पार्किंगसुद्धा मिळणार नाही), आणि पुढच्याच वर्षी ऑन्जियर गव्हर्नर झाला. हवा खराब, माणसं मरतायत, व्यापार सगळा सुरतेत. याला तर शहर वसवायचंय. मग त्यानं आजचा कुठलाही बिल्डर करतो तेच केलं. स्कीम काढली. या, राहा, धंदा करा, तुमच्या धर्मात आम्ही हात घालणार नाही. कोर्ट उघडलं, टांकसाळ आणली, प्रत्येक समाजाला आपापली पंचायत दिली. पारशी आले, बनिये आले, आर्मेनियन आले.

त्याच्या अखेरच्या वर्षी, १६७७ मध्ये, दीवचा एक मोठा बनिया व्यापारी मुंबईला यायला तयार झाला. नीमा पारख. पण अटींवर. जागा बिनभाड्याची हवी. आमच्या धर्मात ढवळाढवळ नको. आणि आमच्या आवारात कोणी इंग्रज, पोर्तुगीज, दुसरा ख्रिश्चन किंवा मुसलमान राहणार नाही, तिथं कुठल्याही जिवाची हत्या होणार नाही. कंपनीनं मान्य केलं. हे जुन्या मुंबई गॅझेटिअरमध्ये छापलेलं आहे, कुणीही काढून वाचावं. मी वाचलं तेव्हा क्षणभर वाटलं, हे मला आलेल्या मेसेजचंच जुनं ड्राफ्ट आहे!

मग काय, दोषी सापडला? ऑन्जियरला धरा?

इतकं सोपं नाही हो. नीमा पारख येत होता पोर्तुगीजांच्या दीवमधून. सक्तीचं धर्मांतर ही त्याच्यासाठी ऐकीव गोष्ट नव्हती. आमच्यापैकी कोणालाही जबरदस्तीनं ख्रिश्चन करायचं नाही, ही अटसुद्धा त्याच कागदात आहे. घाबरलेल्या माणसानं मागितलेली भिंत होती ती. ऑन्जियरनं दिली, कारण त्याला व्यापारी हवे होते. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली असती. फक्त भिंतीला एक्स्पायरी डेट टाकायची राहून गेली.

दादरलाच बघा. पारशी कॉलनी उभी राहिली मंचेरजी जोशी यांच्या खटपटीतून (हो, जोशी! पारशीच). प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडून त्यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी शंभरावर प्लॉट मिळवले. रस्त्यारस्त्यांवर झाडं लावली. आज मुंबईत उन्हाळ्यात चालावंसं वाटतं अशा मोजक्या जागांपैकी ती एक. त्यांचा पुतळा तिथं आहे आणि तो असायलाच हवा. पण घरं फक्त पारशांना. मला ती कॉलनी मनापासून आवडते आणि ती अट खटकते. दोन्ही एकाच वेळी. याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

कारण दुसरी बाजूही आहे. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना, म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी उतारगृहात राहिले. ते उघडकीला आल्यावर काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे परळच्या चाळीतून ते दादरला स्वतःच्या घरात आले. राजगृह, पुस्तकांसाठी बांधलेलं घर. पत्ता? हिंदू कॉलनी. पारशी कॉलनीपासून अगदी जवळ.

कायद्याकडे जाल तर राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं घेऊन भेदभावाला मनाई केलीय. फ्लॅट त्या यादीत नाही. आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला, की सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम सोसायटी करू शकते.

शाहू महाराजांनाही हा तिढा सुटला नव्हता. १८९६ मध्ये कोल्हापुरात त्यांनी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढलं, ते बघता बघता एकाच जातीचं होऊन बसलं. मग १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी वेगवेगळी बोर्डिंगं. त्या भिंतीआड हजारो पोरं शिकली. म्हणजे भिंत कोण मागतंय, आत राहायला की बाहेर ठेवायला, हे बघावं लागतं. माझ्या त्या सात मिनिटांवरच्या सोसायटीला कोणापासून जीव वाचवायचा होता? सगळ्यांकडे दोन-दोन गाड्या!

तिथं ऑन्जियर नव्हता. कमिटीत सात जण होते, दर पाच वर्षांनी निवडून येणारे. बाकीचे समोसा खाऊन सही करून घरी जातात.

लोणारहून परतल्यावर मित्राला खरं काय ते सांगितलं. म्हणाला, ‘माहिती होतं रे. हा चौथा.’ मला वाटत होतं पहिलाच.

शेवटी फ्लॅट मिळाला, स्टेशनपासून पंचवीस मिनिटं. मालक भला माणूस. चावी देताना फक्त एवढंच म्हणाला, ‘कमिटीचा फॉर्म आहे, कोणी विचारलं तर व्हेज सांगा.’ आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फॉर्म अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. तो रकाना आम्ही भरलेला नाही.