पाच जीबीचा एक जीबी

आमच्या घरात सध्या माझी ओळख 'आजीचा व्हिडिओ उडवणारा' अशी आहे. सॉफ्टवेअर इंजिनीअर वगैरे नंतर.

झालं असं, की आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. औक्षण झालं, जेवणं झाली आणि शेवटी आजीनं आजोबांचं नाव घेऊन चक्क उखाणा घेतला! आतेभावानं सगळा कार्यक्रम शूट केला. एकच फाइल, पाच जीबीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून कार्ड घेतलं आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "दादा, हे माझ्या टूलनं कॉपी करतो." हे टूल मी ऑफिससाठी लिहिलेलं. हिरवी टिकमार्क आली, खाली 'सक्सेसफुल' आलं. मी कार्ड फॉर्मॅट करून परत दिलं. रात्री सगळे टीव्हीसमोर जमले आणि फाइल उघडेचना. साइज बघितली, तर जेमतेम एक जीबी. उरलेले चार कुठे गेले?

मला लगेच कळलं कुठे गेले ते. आणि त्यामुळे जास्तच घाम फुटला.

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, स्कूटरवरून समजेल. बाबांच्या जुन्या स्कूटरचा मीटर आठवतोय? ९९९९९ झाले की पुन्हा ०००००. गाडी नवी होत नाही, फक्त मीटरमधले आकडे संपतात. कॉम्प्युटरमध्ये 'इंट' नावाचा ३२ बिटांचा डबा असतो. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. म्हणजे बाइट मोजायचे, तर दोन जीबीला एक कमी. त्यापुढे गेलात की आकडा उलटून थेट मायनसमध्ये जातो. तीन जीबीची फाइल दिली, तर साइज येते मायनस १,०७,३७,४१,८२४. चार जीबीला मीटर पुन्हा शून्यावर. आणि पाच जीबीला? एक जीबी. छान, पॉझिटिव्ह, सभ्य दिसणारा एक जीबी.

जावा फाइलची साइज ६४ बिटांच्या 'लाँग'मध्ये देते. मी ती इंटमध्ये कोंबत होतो. कंपायलर कुरकुरला, तर कंसात 'इंट' लिहून त्याचं तोंड बंद केलं. आमच्या टेस्टरनं तीन जीबीची फाइल टाकून मायनस साइज पकडली होती. मी काय केलं? साइज मायनस आली की त्यात चार जीबी मिळवायचे, अशी एक ओळ घातली. तीनचे तीन दिसायला लागले. सॉलिड! ती म्हणाली, "अरे, पण चारच्या वर काय?" मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा बघू गं." आणि बग क्लोज.

ते 'तेव्हा' आजीच्या उखाण्यावर येऊन आदळलं.

मायनस साइज निदान बोंब मारते. पाचचा एक झाला, की कुणीच बोंबलत नाही. आणि माझी ती ओळ म्हणजे बोंब मारणाऱ्याच्या तोंडावर लावलेली चिकटपट्टी.

एकटा मीच असा नाही म्हणा. ४ जून १९९६ला युरोपचं एरियान ५ रॉकेट उडालं आणि जेमतेम चाळीस सेकंदांत फुटलं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवायला गेले आणि तो मावला नाही. तो कोड जुन्या एरियान ४ साठी लिहिलेला होता, तिथे तो व्यवस्थित चालला होता. २०१४मध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज याच २१४ कोटींच्या वर गेले आणि यूट्यूबला काउंटर ६४ बिटांचा करावा लागला.

मग सोमवारी मी टेस्टरला कॉफी पाजली, सॉरी म्हटलं आणि दोघांनी बसून नीट दुरुस्ती केली. कामाची आहे, लिहून ठेवा. एक, साइज जिथे जिथे जाते तिथे लाँग, नुसत्या पहिल्या ओळीत नाही. दोन, गुणाकार तपासा. ब्लॉक नंबर आणि ब्लॉक साइज दोन्ही इंट असतील, तर उत्तर लाँगमध्ये ठेवूनही उपयोग नाही, कारण गुणाकार आधीच उलटलेला असतो. एकाला आधी लाँग करा. तीन, इंट करावाच लागला तर 'मॅथ.टूइंटएक्झॅक्ट' वापरा. आकडा मावला नाही तर ते सरळ एरर देतं, गप्प बसत नाही. चार, सीवाल्यांनो, विंडोजवर तुमचा 'लाँग' ६४ बिटांच्या मशीनवरसुद्धा ३२चाच असतो, हे विसरू नका. पाच, टेस्ट करायला खऱ्या मोठ्या फाइली लागत नाहीत. लिनक्सवर 'ट्रंकेट' कमांडनं पाच जीबीची पोकळ फाइल क्षणात होते आणि डिस्कवर जवळजवळ जागाच घेत नाही. दोन आणि चार जीबीच्या एक बाइट अलीकडे, एक बाइट पलीकडे आणि मग पाच, एवढं चालवून बघा. आम्ही चालवलं. पाचचे पाच आले.

आणि आजी? दादानं कार्ड देण्याआधी साध्या कॉपी-पेस्टनं एक प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवली होती. कुठलंही टूल नाही, काही नाही. रविवारी सगळ्यांनी व्हिडिओ बघितला. उखाणा संपल्यावर आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "आता हा तू हातात घेऊ नकोस हं."

तुम्ही कोड लिहीत नसाल तरी एवढं करा. कार्ड फॉर्मॅट करण्याआधी दोन्हीकडची साइज बघा आणि फाइल एकदा शेवटपर्यंत चालवा. हिरव्या टिकमार्कवर जाऊ नका. ती माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेली असते.