नवख्याचा प्रश्न

पुरावा पाहून मत बनवावे, कोणी सांगितले म्हणून मानू नये, हे सर्वांनाच पटते. अडचण सुरू होते ती अशा रीतीने विचार करणाऱ्या मंडळीत आपण प्रथमच जाऊन बसतो तेव्हा. त्यांचे अनेक वाद पूर्वीच होऊन गेलेले असतात. कोणते म्हणणे टिकले आणि कोणते निकालात निघाले हे त्यांना ठाऊक असते. नवख्याला यातले काहीच माहीत नसते. आपले अज्ञान उघडे पडेल या भीतीने तो एक तर गप्प बसतो, नाही तर घाईघाईने त्यांच्यासारखे बोलू लागतो. मी या दोन्ही चुका केल्या आहेत. त्यांतील दुसरी अधिक वाईट, असे माझे मत आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम येथे राहावयास आलो. तेथे एका निवृत्त शिक्षकांच्या गच्चीवर रविवारी सायंकाळी आठ-दहा माणसे जमत. त्यांत रेल्वेतले कर्मचारी होते, महाविद्यालयातली दोन मुले होती, एक परिचारिका होती. बोलणे तमिळमध्ये चाले. माझ्यासाठी मधूनमधून इंग्रजीत सांगितले जाई. पहिले दोन महिने मी केवळ ऐकत होतो.

या भूमीला अशा बैठका नव्या नाहीत. पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी १९२५ साली ‘कुडी अरसु’ हे साप्ताहिक सुरू केले आणि स्वाभिमान चळवळीचा विचार खेडोपाडी पोहोचवला. तांबरमहून दक्षिणेकडे त्याच लोहमार्गाने गेले की चेंगलपट्टू लागते. तेथे १७ व १८ फेब्रुवारी १९२९ रोजी या चळवळीची पहिली प्रांतिक परिषद भरली आणि जातिवाचक नावे टाकून देण्याचे आवाहन तेथे झाले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नाव सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या चळवळीत नव्याने आलेल्या माणसाला काय किंमत मोजावी लागत असेल याची कल्पना यावरून येते. तरीही पेरियार आपल्या श्रोत्यांना सांगत, की मी म्हणतो म्हणून मानू नका, तुमच्या बुद्धीला पटेल तेवढेच घ्या. अनुयायांना हे सांगणे सोपे असते. अनुयायांनी ते पाळणे फार कठीण. नेत्यावरील श्रद्धेने बुद्धिवादी झालेली माणसे सर्वत्र आढळतात. मीही काही काळ त्यांच्यातलाच होतो.

आमच्या शेजारी एक कुटुंब राहत असे. त्यांनी घराला नवा मजला चढवला तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचे तोंड रंगवलेला कोहळा दाराशी टांगला. गच्चीवरच्या चर्चांतून नुकतेच शिकलेले शब्द माझ्या ओठांवर होते. मी त्या गृहिणीला, तिच्या पाहुण्यांसमोर, कोहळ्याची शक्ती किती किलोची असते असे विचारले. पाहुणे हसले, ती हसली नाही. मला मात्र आपण विवेकाची मोठीच बाजू लढवली असे वाटले. पुढे तिच्या मुलाला खोकला लागला. तो आठवड्यामागून आठवडे राहिला. आधी अंगारा झाला, मग कोणा जाणत्याची मुळी झाली, आणि बऱ्याच उशिराने थुंकीची तपासणी झाली. क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी मुलगा बरा झाला, हे त्याचे नशीब नव्हे, औषधांचे काम. पण छातीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आमच्या घरापासून एका स्थानकावर होते आणि तेथील वाटा मला माहीत होत्या. ती मला विचारावयास आली नाही. का आली नाही, हे तिने नंतर माझ्या पत्नीला सांगितले: “त्यांना हसायला आणखी एक कारण कशाला द्यायचे?”

त्या स्थानकाचे नावच ‘तांबरम सॅनेटोरियम’ असे आहे. डॉ. चौरी मुथू यांनी १९२८ साली येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच त्या काळी क्षयावरील उत्तम इलाज मानला जाई. हा काही अडाण्यांचा समज नव्हता. जगभरचे नामांकित डॉक्टर तसेच मानत. प्रभावी औषधे निघाल्यावरही रुग्णाला आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे, ही समजूत कायम राहिली. मग १९५६ साली मद्रासमधील चेटपेट येथे क्षयरोगाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारे केंद्र स्थापन झाले. तेथील डॉक्टरांनी शहरातील गरीब वस्त्यांतले रुग्ण घेतले. कोणी आरोग्यधामात जावयाचे आणि कोणी आपल्या दाटीवाटीच्या घरीच राहावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने ठरवले. औषधे दोन्ही गटांना सारखीच दिली. घरी राहिलेल्यांचे अन्न निकृष्ट होते, विश्रांती कमी होती, हवा कोंदट होती. वर्षभरानंतर पाहिले तर तेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. घरातील इतरांना त्यांच्यामुळे अधिक लागण होते, असेही दिसले नाही. हे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. ज्या देशात क्षयरोगी लाखांनी होते आणि खाटा हजारांनी, तेथे याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. रुग्णाने घरी राहून औषध घ्यावे ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

ही हकीकत मला गच्चीवरील परिचारिकेने सांगितली. माझा आजपर्यंतचा समज असा होता, की विवेक म्हणजे दुसऱ्याच्या दारावरचा कोहळा ओळखणे. मद्रासच्या डॉक्टरांनी तपासला तो आपल्याच व्यवसायातला, सर्वांना प्रिय असलेला विश्वास. शिवाय त्यांनी कोणाला हसून तो खोटा ठरवला नाही. दोन सारखे गट केले, वाट पाहिली आणि मोजले.

येथे काही मित्र मला अडवतात. ते म्हणतात, भोंदू बाबा माणसांना लुबाडत असताना असे सौम्य बोलत बसावे काय? त्यांचा राग मला समजतो. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाचे संघटित काम केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो विधिमंडळाने त्याच वर्षी डिसेंबरात संमत केला. पण त्यांचा विरोध शोषणाला होता. देव मानणाऱ्या साध्या माणसाची त्यांनी टवाळी केली नाही. लुबाडणाऱ्याशी लढावे आणि लुबाडल्या जाणाऱ्याशी बोलावे, यातला भेद न कळणे ही नवख्याची चूक क्षम्य आहे. जुन्या जाणत्यांनी ती करावी, हे मला क्षम्य वाटत नाही.

आमच्या बैठकीतही ती एकदा झाली. महाविद्यालयातला एक मुलगा म्हणाला, की तापात नीलवेंबूचा काढा प्यायल्यावर मला दोन दिवसांत बरे वाटले. काहीजण हसले. (राष्ट्रीय सिद्ध संस्थाही त्याच सॅनेटोरियम परिसरात २००५ पासून आहे, तेव्हा हा प्रश्न तांबरमला अगदी घरचा.) शिक्षकांनी हसणाऱ्यांना थांबवले आणि विचारले, “काढा निरुपयोगी आहे, हे तुमच्यापैकी कोणी तपासले आहे?” कोणीच तपासले नव्हते. मग त्यांनी मुलाला विचारले, की काढा न पिता तुझा ताप किती दिवस राहिला असता? त्यालाही सांगता येईना. त्या संध्याकाळी आम्ही तासभर एवढेच बोललो, की आपोआप उतरणाऱ्या तापात औषधाचा गुण ओळखावा तरी कसा.

मी कोहळ्याबद्दल शेजारणीची क्षमा मागितली. ती “असू दे” म्हणाली. पण पुन्हा काही विचारावयास यायला तिला वर्ष लागले. आली ती मुलीच्या सोयरिकीसाठी. पत्रिका जुळत नव्हती, मुलगा चांगला होता, आणि वराकडील मंडळींशी वाद घालावा की गप्प राहावे हे तिला कळत नव्हते. मी तिला रविवारी गच्चीवर नेले. तिने तोच प्रश्न सर्वांसमोर मांडला. बराच वेळ कोणी उत्तर दिले नाही. मग परिचारिकेने खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि विचारले, “मुलीला काय वाटते?”