मागें राहिलेल्या शस्त्रांचें मोल

ऑगस्ट २०२१ मध्यें अमेरिकेचें सैन्य अफगाणिस्तानांतून बाहेर पडलें, त्याच सुमारास एक आंकडा जगभर फिरूं लागला. अमेरिकेनें ८५ अब्ज डॉलरांची युद्धसामग्री तालिबानच्या हातीं टाकली, असा तो आंकडा. त्या वेळीं माजी अध्यक्ष असलेल्या ट्रम्प यांनीं तर या रकमेची पै न् पै परत मागावी असा आग्रह धरला, आणि पुढें सभासभांतून त्याचा जप चालविला. आपल्याकडील वृत्तपत्रांनींही तो आंकडा जसाच्या तसा छापला. आज चारचौघांत अफगाणिस्तानचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित गृहस्थ तो मोठ्या विश्वासानें सांगतात. आमचें म्हणणें असें कीं, हा आंकडा साफ खोटा आहे. परंतु त्याला उत्तर म्हणून जो लहान आंकडा पुढें केला जातो, त्यावर समाधान मानणें हेंही तितकेंच भोळेपणाचें आहे. दोन्ही पक्ष ज्या प्रश्नाचें उत्तर देतात, तो प्रश्नच नीट विचारलेला नाहीं.

प्रथम मोठ्या आंकड्याचें मूळ पाहूं. अफगाण सैन्य व पोलीस उभे करण्यासाठीं अमेरिकेनें २००५ पासून एक स्वतंत्र निधि चालविला. त्यांत २०२१ च्या मध्यापर्यंत मंजूर झालेली एकूण रक्कम सुमारें ८३ अब्ज डॉलर होती. याच रकमेला थोडी फुगवून ८५ अब्ज करण्यांत आलें. पण या निधींतून शिपायांचे पगार गेले, त्यांचें शिक्षण झालें, छावण्या बांधल्या गेल्या, इंधन आलें, दुरुस्तीचे मक्ते दिले गेले. एखाद्या गृहस्थानें मुलाच्या शिक्षणाचा सारा खर्च, म्हणजे फी, खानावळ, भाडें, प्रवास व औषधपाणी, एकत्र बेरीज करावा, आणि मुलानें वसतिगृह सोडल्यावर "त्या खोलींत एवढ्या किंमतीचीं पुस्तकें राहिलीं" असा आक्रोश करावा, त्यांतलाच हा प्रकार. शिपायानें दहा वर्षांपूर्वीं खाल्लेली भाकरी तालिबानच्या हातीं कशी लागणार?

अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयानें २०१७ सालीं दाखविलें होतें कीं, २००५ ते २०१६ या काळांत या निधीचा सुमारें २९ टक्के भाग सामग्री व वाहतूक यांवर खर्च झाला. हेंच प्रमाण अखेरपर्यंत धरलें तरी रक्कम २४ अब्जांच्या आसपास येते. पुढें तेथील संरक्षण खात्यानें आपल्या कायदेमंडळास जो अहवाल दिला व जो एप्रिल २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें २००५ पासून अफगाण दलांना एकंदर १८.६ अब्जांची सामग्री देण्यांत आली, आणि तींपैकीं ७.१२ अब्जांची सामग्री शेवटीं देशांत उरली. बाकीची या काळांत मोडली, जळाली, झिजली किंवा नाहींशी झाली. म्हणजे ज्या आंकड्यानें एवढा गहजब केला, तो वस्तुस्थितीच्या जवळजवळ बारापट आहे!

यावर कोणी म्हणेल, "८५ काय आणि ७ काय, पराभव तो पराभवच. मग ही आकडेमोड कशाला?" हा आक्षेप वरवर मर्दानी दिसतो, पण तोच सर्वांत घातक आहे. कारण फुगविलेला आंकडा निरुद्देश फुगविलेला नसतो. ८५ अब्ज 'मागें टाकले' असें म्हटलें, कीं बुश, ओबामा, ट्रम्प व बायडन या चार अध्यक्षांच्या कारकीर्दींत वीस वर्षें चाललेल्या धोरणाचें सारें पाप शेवटच्या पंधरवड्याच्या गोंधळावर लोटतां येतें. माघारीचा करार फेब्रुवारी २०२० मध्यें दोहा येथें कोणाच्या सरकारनें केला, हें विसरतां येतें. कागदोपत्रीं तीन लाखांहून अधिक असलेल्या सैन्य-पोलिसांत केवळ पगारपत्रकांवर जगणारीं नांवें किती होतीं, हा तेथील महानिरीक्षकांनीं वारंवार उपस्थित केलेला प्रश्न टाळतां येतो. शिवाय 'मागें टाकली' हा शब्दच खोटा आहे. ती बहुतेक सामग्री अमेरिकन सैन्यानें विमानतळावर विसरलेली नव्हती. ती केव्हांच अफगाण सरकारच्या मालकीची झाली होती, आणि १५ ऑगस्टपूर्वींच्या कांहीं आठवड्यांत एकामागून एक ठाण्यांवर त्या सैन्यानें ती तालिबानच्या स्वाधीन केली. कोसळलें तें सैन्य. आणि त्याच्या कोसळण्याची किंमत कोणत्याच आंकड्यांत धरलेली नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. सरकारी अधिकारी सांगतात कीं, उरलेलें बरेंचसें सामान निकामी केलें आहे. काबूलच्या विमानतळावर राहिलेलीं सुमारें ९२ कोटी डॉलरांचीं ७८ विमानें उडण्याच्या स्थितींत ठेवलीं नाहींत. हें खरें असेल. परंतु 'निकामी' हा शब्द कोणाच्या हिशेबानें वापरावयाचा? येथें आपल्याच देशांतील एक गोष्ट स्मरण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन बनावटीचीं लिबरेटर बाँबफेकी विमानें ब्रिटिश हवाई दलानें मुद्दाम मोडतोड करून कानपुरास टाकून दिलीं होतीं. देणाऱ्यांच्या वहींत त्यांचें मोल शून्य होतें. परंतु बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानें १९४८ पासून त्या मोडींतून सुमारें चाळीस विमानें उभीं केलीं, आणि १९६८ पर्यंत भारतीय हवाई दलानें त्यांचा उपयोग केला. हुशार कारागीर मिळाला कीं शून्याचें मोल असें वाढतें.

याच्या अगदीं उलट उदाहरण खुद्द काबूलचें आहे. अफगाण हवाई दलासाठीं इटलीहून २० जुनीं मालवाहू विमानें घेण्यांत आलीं आणि त्या योजनेवर ५४ कोटी ९० लक्ष डॉलर खर्च झाले. सुटे भाग मिळेनात, देखभाल जमेना. तेव्हां २०१४ सालीं त्यांतील १६ विमानें मोडून वजनावर भंगार म्हणून विकलीं, आणि हातीं आले केवळ कांहीं दशसहस्र डॉलर! हें सर्व तालिबान येण्याच्या सात वर्षें आधीं घडलें. खरेदीची किंमत हेंच मोल समजणाऱ्यांनीं या विमानांचें मोल कोणत्या रकान्यांत लिहावें? सप्टेंबर २०२२ मध्यें तालिबानच्या ताब्यांतील एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर सरावाच्या वेळीं काबुलांत कोसळून माणसें मेलीं. तें उडालें, म्हणून सर्वच निकामी नव्हतें. तें पडलें, म्हणून केवळ हातीं आलेलें यंत्र म्हणजे सामर्थ्य नव्हे.

परंतु या वादांत सर्वांत दुर्लक्षित राहते ती खतावणीतील स्वस्त ओळ. लोक विमानांचीं चित्रें पाहून हळहळतात. त्याच सरकारी अहवालाप्रमाणें अफगाणिस्तानांत तीन लाखांहून अधिक हत्यारें आणि चाळीस हजारांहून अधिक वाहनें उरलीं, शिवाय रात्रीं पाहण्याचीं उपकरणें उरलीं तीं निराळींच. बंदुकीला कारागीरांचा ताफा लागत नाहीं, परदेशी मक्तेदार लागत नाहीं. हिशेबनीस तिच्यावर घसारा लावून तिचें मोल दरवर्षीं कमी करील. पण वीस वर्षांच्या बंदुकीची गोळी नव्या बंदुकीच्या गोळीइतकीच लागते. हीं हत्यारें सरहद्दीपलीकडे पाकिस्तानी तालिबानच्या हातीं गेल्याचें संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनीं नमूद केलें आहे. म्हणजे जी वस्तु हिशेबांत स्वस्त, ती या उपखंडांतील माणसांना सर्वांत महाग पडणारी आहे. ८५ अब्जांच्या आरोळींत ही गोष्ट ऐकूं येत नाहीं, आणि ७ अब्जांच्या समाधानांतही ती बुडून जाते.

म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंति एवढीच आहे. यापुढें कोणी असा आंकडा सांगितला, तर त्यास विचारावें: ही रक्कम खरेदीची कीं आजच्या मोलाची? वस्तूंची कीं पगारासुद्धां? सामान कोणाच्या मालकीचें होतें, आणि तें कोणाला वापरतां येतें? याचें उत्तर न देतां जो आंकडा उच्चारतो, तो हिशेब सांगत नसून आपल्या पक्षाचा जाहीरनामा वाचीत असतो. आणि हिशेबच करावयाचा, तर तो पुरा करावा. ब्राउन विद्यापीठांतील अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणें या युद्धांत ६६ ते ६९ हजार अफगाण सैनिक व पोलीस मारले गेले. त्यांच्या हातीं दिलेल्या बंदुकांची मोजदाद अमेरिकेच्या कायदेमंडळानें मागितली आणि तिला मिळाली. त्या माणसांना कोणत्या आशेवर उभें केलें होतें आणि ती आशा कोणीं मोडली, याची चौकशी करण्याची निकड मात्र सामान परत मागणाऱ्यांस कधीं भासली नाहीं.